आत्याच्या खोलीतली हवा

चहा पिऊन चौघं बाहेरच्या खोलीत परतले, आपापली वाद्यं उचलली आणि पहिला गज तारेवर पडताच चौघांचेही चेहरे उतरले.

"परत चढल्या," आचार्य म्हणाला.

"चढल्याच," होयबा म्हणाली.

चहाला उठण्यापूर्वी नीट लावून ठेवलेल्या तारा एका चहाच्या अवकाशात अर्धा सूर वर गेल्या होत्या. व्हायोलिनच्या गेल्या होत्या, व्हायोलाच्या गेल्या होत्या, चेलोच्याही गेल्या होत्या. काल गेल्या होत्या, परवाही गेल्या होत्या. आता सगळ्या खुंट्या पुन्हा सैल करायच्या, तारा खाली आणायच्या, त्या स्थिर होईपर्यंत ताटकळत बसायचं आणि मग कुठे वाजवायला घ्यायचं, असं रोजचं होऊन बसलं होतं.

चौकडी म्हटली की लोकांना उचापती आठवतात. या चौकडीची उचापत एवढीच की, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं पाश्चात्त्य संगीत त्या काळी जसं वाजत असेल तसंच वाजवायचं, असा तिचा निश्चय होता. म्हणून तारा स्टीलच्या नाहीत, मेंढीच्या आतड्याच्या. गज जुन्या घाटाचे. व्हायोलिनला हनुवटी टेकायची पट्टी नाही, त्याऐवजी घडी घातलेला रुमाल. चेलोला जमिनीवर टेकवायची दांडी नाही, त्यामुळे तो एवढा थोरला चेलो चेलोवाल्याने दोन पोटऱ्यांत धरायचा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सुरांची पट्टी आजच्यापेक्षा अर्धा सूर खाली. त्या काळची माणसं आजच्यासारखी चढेल नव्हती, असं आचार्याचं मत होतं.

आचार्य पहिलं व्हायोलिन वाजवायचा. वय पंचविशीचं, पण जुन्या काळाबद्दल तो असा बोलायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा नुकताच तिकडून जेवून आलाय. दुसरं व्हायोलिन वाजवणारी मुलगी त्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायची, म्हणून ती होयबा. चेलोवाला बोलायचा कमी आणि खायचा मनापासून. चौथी व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा जरा मोठा, जाड आवाजाचा भाऊ, वाजवायची. ती या घरातल्या आत्याची भाची, आणि घरात, चौकडीत, सगळीकडे तिला भाचीच म्हणत.

आधी ही मंडळी एका फर्निचरच्या दुकानाखालच्या तळघरात सराव करत. वरच्या गिऱ्हाइकांनी मांजर अडकल्याची तक्रार केली तेव्हा ते तळघर सुटलं. मग आत्या म्हणाली, "माझी बाहेरची खोली पडलीच आहे की! या इकडे." आत्या शाळेत व्हायोलिन शिकवून निवृत्त झालेली. यजमान गेल्यापासून घरात घड्याळाशिवाय कुणी बोलत नव्हतं. चौकडी आली आणि आत्याच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. दुपार कलायच्या आत चार कप ओट्यावर मांडलेले असत, आणि जिन्यात पावलं वाजली की दार बेल वाजण्याआधी उघडे.

भाचीने आत्याला सगळं समजावून सांगितलं होतं. आतड्याच्या तारा सांगितल्या, गज सांगितला, रुमाल सांगितला. फक्त खालच्या पट्टीचं सांगितलं नव्हतं. कारण आत्याच्या पर्समध्ये आजही वाद्यं लावायचा 'ला' हा सूर देणारा स्टीलचा दोन टोकांचा काटा असायचा. शाळेतल्या पोरांच्या पिढ्यांना तिने तो गुडघ्यावर आपटून, कानाशी धरून सांगितलं होतं, "ला म्हणजे ला. माणसं बदलतील, ला बदलायचा नाही." त्या बाईला, आम्ही मुद्दाम अर्धा सूर खाली वाजवतो हे कोणत्या तोंडाने सांगायचं? उद्या सांगू, असं भाची रोज ठरवायची आणि उद्या काही उगवत नव्हता.

तारा चढण्याचं कारण आचार्याने पहिल्याच आठवड्यात शोधून काढलं होतं.

"हवा," तो म्हणाला. "आतडं म्हणजे जिवंत वस्तू आहे. स्टीलला काय कळतंय? आतड्याला ओल कळते, ऊब कळते. या खोलीच्या हवेत काहीतरी आहे."

"आहेच काहीतरी," होयबा म्हणाली.

मग हवेचा बंदोबस्त सुरू झाला. आचार्याने भिंतीवर ओल मोजायचं यंत्र लावलं. चहाची किटली गॅलरीत गेली. आत्याच्या कुंड्या जिन्यात गेल्या. पडदे निघाले, सतरंजी गुंडाळली गेली, वाळत घातलेले कपडे न्हाणीघरात कोंडले गेले. चेलोवाल्याला घाम फार येतो, असं आढळून आल्यावर त्याची खुर्ची दाराशी हलवण्यात आली. शेवटी आचार्याने फर्मान काढलं की, चहाला स्वयंपाकघरात जाताना खोलीचं दार ओढून घ्यायचं, म्हणजे वाफ आत जाणार नाही.

आत्याने कशालाही नकार दिला नाही. "तुमच्या तारा, तुम्हाला ठाऊक," म्हणाली आणि कुंड्या स्वतः उचलून जिन्यात ठेवून आली. फक्त बिस्किटांचा डबा मात्र तिने बाहेरच्या खोलीच्या कपाटातून हलवला नाही. चहा कपात ओतला की ती डबा आणायला जाई. झाकण फार घट्ट बसतं म्हणे, त्यामुळे परत यायला वेळ लागे. तोवर आचार्य जुन्या काळातल्या लाकडाबद्दल, राळेबद्दल, घोड्याच्या शेपटीच्या केसांबद्दल बोलत राही, आणि आचार्य बोलत असताना दुसरा कुठला आवाज ऐकू येणं कुणालाच शक्य नव्हतं.

एवढं करून तारा चढतच राहिल्या. आणि एका संध्याकाळी, चौकडी तारा उतरवत असताना, आचार्याच्या व्हायोलिनची सगळ्यात बारीक तार फट्कन तुटून त्याच्या गालावर बसली.

गाल चोळत आचार्याने निकाल दिला. "बस्स. ही खोली सोडायची."

"सोडायचीच," होयबा म्हणाली, पण नेहमीपेक्षा जरा हळू.

"बिस्किटं चांगली असतात इथली," चेलोवाला म्हणाला.

"नदीपलीकडे गोदामाचा एक माळा रिकामा आहे. कोरडा ठणठणीत. मी बघून आलोय. शनिवारी संग्रहालयात आपला कार्यक्रम आहे, तो होऊन जाऊ दे. तिथे हवा चांगली आहे. तिथे तारा जागच्या राहिल्या, म्हणजे दोष या खोलीचाच, हे सिद्ध होईल. रविवारी सामान हलवू." मग तो भाचीकडे वळला. "आत्यांना तू सांग. तुझी आत्या आहे."

भर दुपारी मांडलेले ते चार कप तिच्या डोळ्यांपुढे आले. रविवारनंतर आत्या किती कप काढेल? आणि सवयीने चार काढले तर परत ठेवताना तिला काय वाटेल? चौकडी कुठेही वाजवू शकली असती, पण आत्याला दुसरी चौकडी कुठून मिळणार होती?

मंडळी गेल्यावर ती स्वयंपाकघरात कप पुसत उभी राहिली. एकच कप तिने तीनदा पुसला.

"बोल आता," आत्या म्हणाली. "त्या कपाचा रंग जाईल."

"आत्या, त्या खोलीत... म्हणजे खोली चांगलीच आहे. पण आमच्या तारा आहेत ना, त्यांना हवा मानवत नाही. आचार्य म्हणतो, दुसरी जागा बघायला हवी."

आत्याने नळ बंद केला. "खोलीमुळे?"

"तसं त्याचं म्हणणं. संग्रहालयात तारा चढल्या नाहीत, की खोलीचाच दोष."

"आणि तिथेही चढल्या तर?"

"तर मग काय, खोली निर्दोष. पण तिथे कशाला चढतील?"

"अस्सं," आत्या म्हणाली. तिने ओला हात पदराला पुसला, थोडा वेळ गॅलरीतल्या किटलीकडे पाहिलं आणि विचारलं, "शनिवारी तिथे आतल्या खोलीत बाहेरच्या माणसाला येऊ देतात का गं? मी आपली थर्मासमधून चहा आणेन म्हणते."

त्या बिचारीला अजून आपल्या चहाचीच काळजी आहे, हे पाहून भाचीला भरून आलं. "देतात," ती म्हणाली.

शनिवारी संग्रहालयाचा हॉल खुर्च्यांनी भरला आणि थोड्या वेळात खुर्च्या माणसांनी भरल्या. आतल्या खोलीत चौकडीने तारा लावल्या. खालच्या पट्टीत लावल्या, थोडं थांबून तपासल्या, पुन्हा तपासल्या. जागच्या हलेनात.

"बघा!" आचार्य विजयी मुद्रेने म्हणाला. "हवा! मी म्हणालो नव्हतो?"

"म्हणाला होतास," होयबा म्हणाली.

कोपऱ्यात आत्या थर्मास मांडीवर घेऊन बसली होती. ती नुसती हसली. तेवढ्यात संग्रहालयाच्या संचालिका आल्या आणि खुर्च्या कशा मांडायच्या, दिवे किती ठेवायचे हे ठरवायला चौघांना रंगमंचावर घेऊन गेल्या.

"जा तुम्ही," आत्या म्हणाली. "वाद्यांपाशी मी बसते."

रंगमंचावर गेल्यावर भाचीला गजाला लावायची राळेची वडी आत राहिल्याचं आठवलं. ती परत आली. दार अर्धवट उघडं होतं. तिने ढकलायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला.

आत्या भाचीचा व्हायोला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी स्टीलचा काटा. तो तिने गुडघ्यावर आपटला, कानाशी नेला, डोळे मिटले. मग तार अंगठ्याने छेडून खुंटी अगदी हलक्या हाताने फिरवली. एक तार झाली, दुसरी झाली. प्रत्येक तार जुळली की ती मान हलवायची. झाल्यावर तिने व्हायोला पेटीत ठेवला, वरून रुमालाने पुसला आणि आचार्याचं व्हायोलिन उचललं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! यंत्र लावलं, पडदे काढले, बिचाऱ्या चेलोवाल्याला दाराशी बसवलं, आणि हवा इथे बसली होती, चष्मा लावून! आत्याला वाटत असणार, पोरांना सुरात लावता येत नाही, खाली जातात. लाज वाटेल म्हणून तोंडावर बोलायचं नाही, गुपचूप लावून ठेवायच्या. आणि आपण सगळे रोज तिच्या कष्टांवर पाणी ओतत होतो.

भाचीला खुदकन हसू येणार होतं, पण मध्येच दुसरंच काहीतरी आठवलं. शाळेत असताना तिचं व्हायोलिन कधी बेसूर होत नसे. बाकीची पोरं खुंट्यांशी झटापट करत, रडकुंडीला येत. हिने पेटी उघडली की वाद्य तयार. आपलं व्हायोलिन नशिबाचं आहे आणि आपला कान तर त्याहून, असं ती सगळ्यांना सांगत फिरे. त्याच जोरावर ती स्टेजवर न घाबरता उभी राहिली होती, त्याच जोरावर पुढे शिकली होती. आत्या तेव्हा वर्गात सगळ्यांच्या आधी येऊन बसायची. का, ते कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

तिचे डोळे भरून आले. या बाईचे पाय धरावेत, असं तिला वाटलं. त्याऐवजी ती पाऊल न वाजवता मागे फिरली.

"राळ मिळाली?" आचार्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "आहे तेवढी पुरेल."

चौघं आत आले. आत्या थर्मास मांडीवर घेऊन जिथल्या तिथे बसली होती. आचार्याने व्हायोलिन उचललं, गज ओढला आणि तो पांढराफटक पडला.

"इथेही?"

"इथेही," होयबा म्हणाली. या वेळी ती खरोखर घाबरली होती.

"म्हणजे खोलीचा दोष नाही," चेलोवाला म्हणाला. इतकं लांब वाक्य तो क्वचितच बोले.

"अगं बाई, तारा चढल्या का?" आत्याने विचारलं.

बाहेर घंटा झाली. आचार्य घाईघाईने खुंटी पिळायला लागला, तशी भाची पुढे झाली. "नको! आता उतरवल्यास तर सगळा वेळ घसरत राहतील. आहेत तिथे स्थिर आहेत. वाजवू या अशाच."

"अशाच? आजच्या पट्टीत? अगं, कार्यक्रमपत्रिकेत छापलंय आपण, खालच्या पट्टीबद्दल! अर्धं पान!"

"मग बेसूर वाजवतोस का? तसंही छाप."

आचार्य गप्प बसला. आचार्याला गप्प बसलेलं चौकडीने पहिल्यांदाच पाहिलं.

रंगमंचावर संचालिकाबाईंनी ते अर्धं पान मोठ्याने वाचून दाखवलं. आजच्या कर्कश चढ्या सुरांऐवजी रसिकांना आज जुन्या काळची खोल, गंभीर, खालची पट्टी ऐकायला मिळेल, असं त्या म्हणाल्या. रसिकांनी माना डोलावल्या. आचार्य बुटांकडे बघत होता.

मग ते वाजवायला लागले. तारा इतक्या ताणलेल्या होत्या की, जोर लावायची कुणाची छाती नव्हती. कुठली तार कधी तुटेल या भीतीने चौघंही फुलासारख्या हलक्या हाताने वाजवत होते आणि एकमेकांकडे कान लावून होते. आचार्य एरवी पुढे पळायचा, आज तो सगळ्यांची वाट बघत होता. होयबाने दुसऱ्या तुकड्यात एक जागा स्वतःच्या मनाने घेतली आणि ती इतकी सुंदर झाली की आचार्यानेच मान डोलावली. चेलोवाल्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या, पण चेलो हलला नाही. मधल्या संथ भागात व्हायोलाची एक लांब ओळ होती. ती वाजवताना भाची पहिल्या रांगेतल्या आत्याकडे बघत राहिली. ही ओळ तुझी आहे, असं तिला सांगायचं होतं आणि ते सांगून झालं, असं तिला वाटलं.

टाळ्या पडल्या. चौघं वाकले, आणि आचार्याची बारीक तार तेवढ्यात तुटली. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

नंतर गळ्यात मफलर घातलेले एक जाणकार गृहस्थ आचार्याचा हात धरून हलवत राहिले. "वा! ती खालची पट्टी! आजकालच्या चढ्या सुरांनी कान किटले होते हो आमचे. आज कसं खोल, गंभीर वाटलं."

आचार्याने तुटलेली तार खिशात कोंबली.

रविवारी सामान हलवायचं होतं. त्याऐवजी आचार्य फुलं घेऊन आला. ती आत्याला द्यायची की खोलीला, हे त्याला नक्की ठरवता येईना. "आत्या, आम्ही उगाच तुमच्या खोलीला नावं ठेवली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. या तारांचं शास्त्र वेगळंच आहे. त्यांना बहुधा आपल्या मनातली धाकधूक कळते."

"कळतेच," होयबाने तोंड उघडलं, मग जरा विचार करून ती म्हणाली, "नाही, मला नाही तसं वाटत."

कुंड्या जिन्यातून परत आल्या, किटली गॅलरीतून. चेलोवाल्याने स्वतःची खुर्ची उचलून कपाटाजवळ ठेवली.

चहाच्या वेळी भाची आत्याच्या मागोमाग बिस्किटांच्या डब्यापाशी गेली आणि दार ओढून घेतलं. तिने पर्समधून कागदात गुंडाळलेला एक नवा काटा काढला. तो अर्धा सूर खालचा होता.

"आत्या, हे तुझ्यासाठी. रागावू नकोस. आमचा ला हा आहे. आम्ही मुद्दाम खाली वाजवतो. मी आधीच सांगायला हवं होतं. काल मी तुला बघितलं."

आत्याने काटा गुडघ्यावर आपटला, ऐकला आणि खुदकन हसली. "अगं वेडे, बेसूर होतात तेव्हा चार माणसं चार दिशांना जातात. चौघंही सारखेच खाली, म्हणजे मुद्दाम, एवढं मला कळणार नाही? जन्म गेला माझा यात. दुसऱ्याच दिवशी कळलं मला."

"मग रोज का चढवत होतीस?"

आत्या डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिली. झाकण अगदी सैल होतं.

"पहिल्या दिवशी मला खरंच वाटलं, पोरं चुकली. मी लावून ठेवल्या. मग तुम्ही त्या उतरवत बसलात, आणि ठरल्यापेक्षा कितीतरी उशिरा गेलात. कुणी बोलतंय, कुणी भांडतंय, तो चेलोवाला टोस्ट मागतोय. घर कसं भरून गेलं होतं. म्हटलं, रोज अर्धा सूर चढवल्याने एवढं मिळत असेल, तर काय वाईट आहे? ती तार तुटली तेव्हा मात्र जीव खालीवर झाला माझा. म्हणून तर आचार्याला त्या दिवशी टोस्टवर दुप्पट जॅम दिला."

"आणि काल हॉलमध्ये?"

"खोलीवर आळ आला होता ना माझ्या! तूच म्हणालीस, तिथेही चढल्या तर खोली निर्दोष. मग चढवायला नकोत?"

भाची कपाटाला टेकली. काल हिच्या भोळेपणावर आपण डोळे पुसले होते, हे आठवून तिला हसावं की रडावं कळेना. "म्हणजे शाळेत माझं व्हायोलिन लावून ठेवायचीस, तेही असंच काहीतरी होतं?"

"छे गं. ते खरंच बेसूर असायचं."

भाचीने आत्याला घट्ट मिठी मारली. बिस्किटांचा डबा दोघींच्या मध्ये अडकला. "आत्या, तू नसतीस तर मी आज काहीच वाजवत नसते. आणि त्याच्यासाठी तुला खुंट्या पिळायची गरज नाही. आम्ही थांबू."

"थांबाल गं. पण कुणी थांबा म्हटल्यावर थांबणं वेगळं, आणि आपलं आपण अडकून पडणं वेगळं."

मग पेटीतला व्हायोला काढून भाचीने आत्याच्या हातात दिला. "मग सगळ्यांच्या नकोत. तारा तुटतात. फक्त माझ्या चढव."

चहानंतर चौघं खोलीत आले. आचार्याने जपून गज ओढला. तार जागच्या जागी होती. होयबाची होती, चेलोवाल्याची होती. भाचीने व्हायोला छेडला आणि तोंड पाडलं.

"चढल्या," ती म्हणाली.

आचार्याने सुस्कारा टाकून व्हायोलिन मांडीवर ठेवलं. "व्हायोलाचं काही खरं नाही. मूळचंच कमकुवत वाद्य. लाव आता सावकाश, आम्ही बसलोय." आणि त्याने आतल्या दिशेने हाक मारली, "आत्या, अजून एक कप मिळेल का?"

चेलोवाल्याने खुर्चीवरूनच हात लांब करून कपाट उघडलं आणि बिस्किटांचा डबा खाली काढला. आतून किटलीचा आवाज येत होता. भाची खुंट्या पिळत होती. तिला अजिबात घाई नव्हती.